कल्हई आतून असते

आजचे वचन : लूक ९:२३



आजचं वचन आपल्याला पाठ आहे. ज्याला येशूच्या मागे यायचं आहे त्याने स्वतःला नाकारावं, आपला वधस्तंभ उचलावा आणि मागे यावं. हेच बोलणं मत्तय १६:२४ मध्ये आहे आणि मार्क ८:३४ मध्येही. तिन्ही वचनं शेजारी ठेवून वाचा. लूक एक शब्द जास्त देतो : दररोज.

मला हा शब्द फार दिवस अडत होता. रोमी लोकांचा वधस्तंभ माणूस एकदाच उचलायचा. तो उचलून गावाबाहेर गेलेला परत येत नसे. मग दररोज कसा उचलायचा? सोमवारी उचलला, मंगळवारी पुन्हा?

आमचं सोनगीर धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा रस्त्यावर, किल्ल्याच्या पायथ्याशी. गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांचं म्हणून ओळखलं जातं. लग्नाचा बस्ता झाला की लांबलांबची माणसं हंडे, घागरी, परात घ्यायला येतात. बाहेरून चिंचेने घासलेली घागर उन्हात ठेवली तर डोळे दिपतात. पण जुन्या बायका भांडं हातात घेतलं की आधी आत बघतात. आतली कल्हई गेली असेल तर त्या भांड्यात ताक नाही, आमटी नाही, चिंचेचं काहीच नाही. कळकतं. बाहेरचा लखलखाट कितीही असो, आतलं अन्न खराब होतं आणि खाणाऱ्याला बाधतं.

कल्हई करताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल. भांडं निखाऱ्यावर तापवतात, नवसागर टाकतात, पांढरा धूर निघतो, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने आतून झरझर फिरवतात. तापवल्याशिवाय कथील धरत नाही. आणि एकदा केली म्हणजे जन्माची झाली असंही नाही. रोजच्या वापराने ती झिजते, पुन्हा करावी लागते. मत्तय २३:२५-२६ मध्ये प्रभू परूशांना ताटवाटीबद्दल बोलतो, आधी आतून स्वच्छ करायला सांगतो. ते वचन आमच्या गावात समजावून सांगावं लागत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या रविवारच्या सहभागितेत एक तरुण येतो. बाहेरगावी मोडीच्या दुकानात कामाला आहे. खेड्यातल्या बायका जुनी पितळी भांडी मोडीत घालायला आणतात, हा काट्यावर बसतो. भांड्याला डाग असतो, माती-काजळी असते, त्याची घट कापतात. ती समोर सांगून कापतात, त्यात लबाडी नाही. पण मालकाचं म्हणणं, काटाही थोडा मारायचा. घट वेगळी, हे वेगळं. परवा प्रार्थना झाल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "काका, माल मालकाचा, दुकान मालकाचं, फायदा मालकाचा. मी नुसतं बटण दाबतो. मग पाप कोणाचं?"

घरात बायको, दोन लेकरं. भाड्याची खोली. हा प्रश्न त्याने हौसेने विचारलेला नव्हता.

आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या भावांनी लगेच इफिसकरांस ६:५ काढलं. धन्याची आज्ञा पाळावी, विषय संपला. दुसरे म्हणाले, नोकरी सोड, देव बघेल. मला दोन्ही उत्तरं फार लवकर आलेली वाटली. (देव बघेल हे वाक्य आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पगाराबद्दल बोलतो.)

मला नामान आठवला. २ राजे ५:१८-१९. कोड बरं झालेला अरामी सेनापती अलीशाला म्हणतो की माझा राजा रिम्मोनच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागेल, त्याची मला क्षमा व्हावी. अलीशा रागावत नाही. त्याला शांतीने जा म्हणतो. म्हणजे परक्याच्या चाकरीतल्या माणसाची अडचण देवाच्या माणसाला कळत होती. मग आपला हा मुलगा नामानच नाही का?

दोन रात्री मी यावर विचार केला. मला वाटतं, नाही. नामान वाकला तेव्हा कोणाच्या पदरातलं काही गेलं नाही. इथे प्रत्येक वेळी एका बाईच्या घागरीतलं थोडं पितळ जातं, आणि ती बाई बहुधा अडचणीत असते, नाहीतर सासूची घागर कोण मोडीत घालतं? खोट्या मापाबद्दल लेवीय १९:३५-३६ स्पष्ट आहे. आमोस ८:५ तर गरिबाला लुटणाऱ्या तराजूबद्दलच आहे. तिथे बटण दाबणारा कोण आणि मालक कोण असा भेद केलेला मला दिसत नाही.

पण नोकरीच सोड, हेही वचन म्हणत नाही. लूक ३:१२-१४ वाचा. जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना धंदा सोडायला सांगत नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कोणाला धमकावून लुटू नका, आपल्या पगारात समाधान माना, एवढंच. जागा तीच ठेवायची, हात बदलायचा. ऐकायला सोपं. पण हात बदलला की जागा राहत नाही, हे त्या मुलालाही माहीत आहे.

बदल एका रात्रीत व्हावा असा आपला हट्ट असतो. रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. पतीकडे परत आल्यावरही त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला त्या पाच वर्षांचं नवल वाटतं. हंडा तोच, आतली कल्हई मात्र हळूहळू चढत होती. मात्र लक्ष्मीबाई थांबल्या तेव्हा झीज त्यांची स्वतःची होत होती. हा मुलगा थांबेल तेवढे दिवस ती बायांची होते. म्हणून मी त्याला सावकाश घे असं सांगू शकलो नाही.

मी त्याला सांगितलं, काटा मारू नकोस. मालकाला आदराने सांग की मी ओझी उचलेन, गाडी भरेन, पण काट्यावर दुसऱ्याला बसवा. आणि लगेच मला कळलं की हे सांगताना माझं काहीच खर्च झालं नाही. पगार त्याचा जाणार, वधस्तंभ त्याचा. मी फक्त वचन दिलं. याकोब २:१५-१६ मध्ये असलाच माणूस आहे, उघड्या-उपाशी भावाला ऊब घ्या, पोटभर जेवा म्हणून वाटेला लावणारा.

लूकच २३:२६ मध्ये कुरेनेकर शिमोनाबद्दल सांगतो. तो शेतावरून येत होता, त्याच्यावर येशूचा वधस्तंभ लादला आणि तो येशूच्या मागे चालला. ओझं दुसऱ्याचं होतं.

म्हणून काल आम्ही चार घरांनी बसून ठरवलं. त्याचं काम सुटलं तर दुसरं मिळेपर्यंत खोलीचं भाडं आम्ही वाटून भरू. इफिसकर काढणारे भाऊसुद्धा तयार झाले, त्यांनीच सर्वांत मोठा वाटा घेतला. उद्या सोमवार आहे, उद्या तो मालकाशी बोलणार आहे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, उद्या सकाळी तो दुकानाची पायरी चढेल तेव्हा त्याच्या तोंडात योग्य शब्द दे. मालकाचं मन मऊ कर. आणि महिन्याच्या एक तारखेला आमच्यापैकी कोणाचा हात आखडू देऊ नको. आमेन.