हुकमाची वेस

कावेरीच्या काठी कुंभकोणम नावाचे गाव आहे. देवळांचे, तळ्यांचे, पितळी भांड्यांचे आणि विड्याच्या पानांचे गाव. तंजावरला भोसल्यांचे राज्य झाले, तेव्हापासून या मुलखात मराठी घरेही नांदत आली. बाहेर तमिळ बोलावी आणि माजघरात मराठी, अशी त्यांची रीत.

अशाच एका घरात 1828 साली माधव नावाचा मुलगा जन्मला. त्याचे वडील आणि चुलते, दोघेही त्रावणकोर संस्थानात दिवाण होऊन गेले. माधव मद्रासला शिकला. मग त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकवायला राहिला, आणि 1858 साली, वयाच्या तिशीत, तिथला दिवाण झाला.

त्या काळी राजाचा शब्द हाच कायदा होता. संस्थानात पुष्कळ जमीन सरकारची. कुळे ती पिढ्यान्‌पिढ्या कसत, पण ती आपली आहे असे म्हणायची सोय नव्हती. माधवराव दिवाण असताना 1865 साली जाहीरनामा निघाला आणि अशा कुळांना जमिनीची मालकी मिळाली. आता ती विकता येत होती, मुलांच्या नावे करता येत होती.

त्याआधी, 1859 साली, शाणार जातीच्या बायकांना अंगभर वस्त्र पांघरायची मुभा जाहीर झाली होती. उच्च जातीच्या बायकांसारखे मात्र पांघरायचे नाही, अशी पुस्ती तिला होतीच. मोकळीक दिली, पण हात आखडून दिली.

1865 साल दूरच्या अमेरिकेतही मोठे ठरले. तिथल्या लोकांनी 1776 साली स्वातंत्र्य जाहीर केले होते. सगळी सत्ता एका हाती जाऊ नये म्हणून 1787 साली राज्यघटना लिहून सत्तेचे तीन वाटे केले होते. एवढे केले, पण गुलाम गुलामच राहिले. चार वर्षे आपसात युद्ध झाले, तेव्हा कुठे 1865 मध्ये घटना दुरुस्त होऊन गुलामगिरी संपली. म्हणजे तिथेही हात आखडलेलाच होता.

इकडे बडोद्याला मल्हारराव गायकवाड गादीवर होते. त्यांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या. आवडेल त्याला द्यावे, नावडेल त्याला तुरुंगात टाकावे, असा कारभार चालला. शेवटी इंग्रज रेसिडेंटावर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशीला सहा जण बसले, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी सदस्यांनी आरोप सिद्ध मानला नाही. तरी 1875 साली सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले. कारण दाखवले गैरकारभाराचे. राजाला आवरणारा निघाला खरा, पण त्या आवरणाऱ्याला आवरणारे कोणी नव्हते.

रिकाम्या गादीसाठी मुलगा शोधला गेला. मालेगावजवळच्या कवळाणे गावात गायकवाडांच्याच भावकीतले एक शेतकरी घर होते. तिथला बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला गेला. त्याला अक्षरओळखही नव्हती. त्याचे नाव सयाजीराव ठेवले आणि राज्य सांभाळायला माधवरावांना बोलावले.

सहा वर्षे माधवरावांनी बडोदे चालवले. मुलगा अज्ञान, म्हणून दौलतीचा सगळा कारभार त्यांच्या हाती. याच काळात मुलगा पाटीवर अक्षरे गिरवत मराठी शिकला, गुजराती शिकला, इंग्रजी शिकला. 1881 साल उजाडले. वर्षअखेरीस त्याला राज्याचे सगळे अधिकार मिळायचे होते. त्याआधी माधवरावांनी त्याला राज्यकारभाराचे धडे दिले.

अठरा वर्षांचा मुलगा समोर बसलेला. उद्या त्याचा शब्द कोणी मोडणार नाही. आणि हा पन्नाशी ओलांडलेला दिवाण त्याला काय सांगत होता? राज्य प्रजेच्या सुखासाठी असते. राजाच्या अधिकाराला मर्यादा असते. राजानेही कायद्यानेच चालावे. न्यायाधीशाच्या कामात हात घालू नये. राजवाड्याचा खर्च वेगळा, राज्याचा खर्च वेगळा. तोंडपुज्यांना दाराशी उभे करू नये. हे धडे पुढे पुस्तकरूपाने छापलेही गेले.

28 डिसेंबर 1881 रोजी सयाजीरावांच्या हाती सत्ता आली. दुसऱ्याच वर्षी गुरुशिष्यांचे पटेनासे झाले आणि माधवराव बडोदे सोडून गेले. 1887 साली मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. 1891 साली ते वारले.

शिष्याने सगळेच धडे पाळले असे नाही. पुढे त्यांनी धारासभा, म्हणजे कायदेमंडळ, स्थापली, पण शेवटचा शब्द स्वतःकडेच ठेवला. मात्र 1906 साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. स्वतःला बाराव्या वर्षापर्यंत अक्षर ठाऊक नसलेल्या माणसाने ते केले.

1913 साली त्यांनी एका तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पाठवले. महार जातीचा, सैन्यातल्या सुभेदाराचा मुलगा. शिकून तो बडोद्याला नोकरीला परतला, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्याला राहायला जागा मिळेना. महाराजांनी शिकवले, पण महाराजांच्याच शहराने दार लावून घेतले. राजा चांगला असूनही त्याचा चांगुलपणा शहराच्या गल्लीपर्यंत पोचला नाही.

माधवरावांनी राजाला समजावले, तेवढेच त्यांच्या हाती होते. ऐकायचे की नाही, हे राजाच्या मर्जीवर राहिले. सत्तेची वेस सत्ताधाऱ्याच्या मनात असून भागत नाही. ती कागदावर आणावी लागते आणि तिच्यासाठी दाद मागायचा हक्क सर्वांत खालच्या माणसाच्या हाती द्यावा लागतो.

तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. भारताच्या संविधानाचा मसुदा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. 26 जानेवारी 1950 रोजी संविधान अमलात आले. त्यातल्या कलम 17 ने अस्पृश्यता रद्द केली. कलम 32 प्रमाणे, मूलभूत हक्क डावलला गेला तर माणसाला सरकारविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते.