पात्राचा शब्द, खेळाडूची जबाबदारी

शब्दांवर चालणाऱ्या काल्पनिक खेळात शिरणाऱ्याला आधी एक पात्र घडवावे लागते. पडद्यावर चित्र नसते. किल्ला, अरण्य, सराई, चेटकीण, राक्षस हे सगळे वाक्यांतून उभे राहते आणि खेळाडू जे टाइप करतो तेच त्याच्या पात्राचे बोलणे, चालणे, लढणे होते. दुसऱ्या गावातला किंवा दुसऱ्या खंडातला माणूस त्याच वेळी त्याच ओळी वाचून आपल्या पात्रातर्फे उत्तर देत असतो. बोलणे आणि करणे यांत एरवी असलेले अंतर इथे उरत नाही. म्हणून तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न इथे उघडपणे समोर येतो: सोंग घेऊन केलेल्या कर्माचा कर्ता कोण? पात्राने वचन मोडले, कोणाला दगा दिला, एखाद्या कल्पित देवापुढे हात जोडले, तर त्यातले खऱ्या माणसाच्या खाती किती जमा होते?

हे खेळ विद्यापीठांतल्या संगणकांवर जन्मले. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तो टेबलाभोवती बसून, तोंडाने बोलून खेळायचा खेळ होता. पुढे विल क्राउदर आणि डॉन वुड्स यांच्या 'अ‍ॅडव्हेंचर'मुळे एकट्या खेळाडूला संगणकाला लेखी आज्ञा देत गुहेत फिरता येऊ लागले. 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने अनेकांना एकाच वेळी उतरता येईल असे शब्दांचे जग लिहायला घेतले आणि त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने ते पुढे नेले. त्या खेळाचे नाव 'मड'. पुढे अशा सगळ्याच खेळांना ते नाव पडले. 1989 साली कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स आस्पनेस याने केलेल्या 'टायनीमड'मध्ये लढाईला फारसे महत्त्व नव्हते. लोक तिथे खोल्या बांधत आणि एकमेकांशी बोलत बसत. गुण मिळवण्याच्या जागी सहवास आला, आणि त्याबरोबरच आपल्या प्रश्नाला धार आली. राक्षस मारणाऱ्याला कर्तेपणाचा विचार करावा लागत नाही. माणसांशी पात्रातून बोलणाऱ्याला तो टाळता येत नाही.

नवख्याला समूह ज्या गोष्टी आधी शिकवतो त्या वरवर शिष्टाचाराच्या दिसतात. पात्राचे नाव त्या जगाला शोभेल असे हवे. पात्राचे वर्णन इतरांना 'पाहा' अशी आज्ञा देताच वाचायला मिळते, तेव्हा त्यात डोळ्यांना दिसेल तेवढेच लिहायचे. गालावरचा व्रण लिहावा, मनातले दुःख लिहू नये. 'तिला पाहताच तुमच्या छातीत धडकी भरते' असे तर मुळीच लिहू नये, कारण वाचणाऱ्याच्या पात्राला काय वाटेल हे ठरवण्याचा हक्क वर्णन लिहिणाऱ्याला नाही. लढाईचेही तसेच. 'त्याने तलवार उगारली आणि मानेच्या रोखाने वार केला' हे चालते, 'त्याने मान उडवली' हे चालत नाही. वाराचे काय झाले ते समोरच्याने किंवा खेळाच्या नियमांनी सांगायचे. हा संकेत मोडण्याला खेळाडू 'गॉडमोडिंग' म्हणतात. खेळाडूला बाहेरून कळलेली गोष्ट पात्राला ठाऊक आहे असे दाखवणे म्हणजे 'मेटागेमिंग'. पात्राच्या तोंडचे बोलणे 'आयसी', खेळाडूचे स्वतःचे बोलणे 'ओओसी', आणि हे दुसरे बहुधा दुहेरी कंसात लिहिण्याची किंवा वेगळ्या चॅनेलवर नेण्याची पद्धत आहे. अनुभवी खेळाडू नवख्याला सांगतात की थोडे दिवस नुसते बघ, मदतीची पाने वाच, छोट्या प्रसंगांत भाग घे. या साध्या सल्ल्यामागे मोठा विचार आहे. पात्र आणि खेळाडू यांतली रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती समूह आखतो, सांभाळतो आणि प्रत्येक नवख्याच्या हातून पुन्हा आखून घेतो.

ही रेषा नेमकी कशी असते, याचा भारतीय परंपरेतला सर्वांत सूक्ष्म विचार काश्मीरच्या नाट्यमीमांसेत आढळतो. त्या परंपरेतल्या शंकुक या मीमांसकाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत अभिनवगुप्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या 'अभिनवभारती'मुळे कळते. रंगमंचावर रामाची भूमिका करणारा नट पाहताना प्रेक्षकाला जे ज्ञान होते ते खरेही नसते, खोटेही नसते, संशय नसते आणि 'हा रामासारखा आहे' असे साम्याचे ज्ञानही नसते, असे शंकुकाचे म्हणणे. चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो तेव्हा आपण फसलेले नसतो आणि खोटेही बोलत नसतो. या चित्रतुरगन्यायाने शब्दांच्या खेळातला विश्वास नीट समजतो. 'दगाबाज वजीर' खेळणाऱ्याने पात्रातर्फे खोटे सांगितले, तर ते ऐकणाऱ्या खेळाडूची फसवणूक होत नाही. दोघेही जाणूनबुजून चित्रातला घोडा पाहत असतात.

पण शंकुकाचा प्रेक्षक रंगमंचाबाहेर बसलेला आहे. शब्दांच्या खेळात प्रेक्षक कोणीच नसतो, प्रत्येकजण नटच. जवळचे उदाहरण द्यायचे तर सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या दशावताराचे देता येईल. तिथे लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, कोण कोणते पात्र करणार ते ठरते आणि संवाद रंगमंचावर उत्स्फूर्त सुचतात. राजा काय बोलला यावर प्रधानाचे उत्तर अवलंबून असते. अशा नाट्यात एक बंधन येते जे संहितेच्या नाटकात नाही: समोरच्याला उत्तर देता येईल अशी जागा ठेवणे. जो नट सगळे बोलून टाकतो तो कितीही गुणी असला तरी प्रयोग बुडवतो. गॉडमोडिंगवरची बंदी हे याच बंधनाचे लेखी रूप आहे.

पाश्चात्त्य विचारात जे. एल. ऑस्टिन याने या प्रश्नाची एक बाजू मांडली आणि दुसरी सोडून दिली. 1955 साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि मरणोत्तर 1962 साली पुस्तकरूपाने आलेल्या व्याख्यानांत त्याने दाखवले की काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती स्वतःच कृती असतात. वचन देणे, नाव ठेवणे, पैज लावणे ही बोलूनच घडतात. रंगमंचावर नटाने उच्चारलेले वचन मात्र त्याने पोकळ मानले आणि विचाराबाहेर ठेवले. नाटकात लग्न लागले म्हणून नट विवाहित होत नाही, हे बरोबरच आहे. पण शब्दांच्या खेळात एका सरदाराने दुसऱ्याला 'पौर्णिमेच्या रात्री माझे सैन्य तुझ्या वेशीवर असेल' असे सांगितले तर दोन गोष्टी एकदम घडतात. सरदाराचे वचन काल्पनिक असते आणि ते मोडण्याची मुभा कथेत असते. त्याच वाक्यात खेळाडूने मात्र दुसऱ्या खेळाडूला खराखुरा भरवसा दिलेला असतो की त्या संध्याकाळी तो खेळायला येईल. सरदाराने दगा दिला तर कथा रंगते. खेळाडू न सांगता गैरहजर राहिला तर दुसऱ्या माणसाची खरी संध्याकाळ वाया जाते. वाक्य एकच, पण कर्ते दोन आणि जबाबदाऱ्याही दोन. ऑस्टिनने पोकळ म्हणून बाजूला ठेवलेल्या वाक्यात बरेच काही भरलेले असते, हे या खेळांतून कळते.

या दुहेरी कर्तेपणाची सर्वांत कठोर परीक्षा 'लॅम्डामू' या जगात झाली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस याने ते चालवले होते. तिथल्या एका खेळाडूने, मिस्टर बंगल या पात्राच्या आडून, असा प्रोग्रॅम वापरला की त्याने लिहिलेली कृत्ये दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावावर सर्वांना दिसू लागली. ती कृत्ये लैंगिक अत्याचाराची होती. ज्युलियन डिबेल याने 1993 साली 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात त्यावर लिहिलेल्या लेखामुळे ही घटना जगभर गाजली. तिथल्या रहिवाशांची मोठी सभा भरली, पुष्कळ वाद झाला, निर्णय झाला नाही, आणि शेवटी एका विझर्डने, म्हणजे व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्या खेळाडूने, ते पात्र कायमचे पुसून टाकले. त्यानंतर कर्टिसने अर्ज आणि मतदान यांची पद्धत सुरू केली.

'ते केवळ शब्द होते' असा बचाव तेव्हाही झाला आणि आजही होतो. तो टिकत नाही. क्रूर दृश्य लिहिणे हा तिथला अपराध नव्हता. शब्दांच्या जगात क्रूर दृश्ये पुष्कळ असतात आणि सर्वांच्या संमतीने ती कधी कधी उत्तम कथाही होतात. दुसऱ्याच्या पात्राचा उच्चार त्याच्याकडून काढून घेणे, हा अपराध होता. जिथे माणूस केवळ आपल्या वाक्यांतून हजर असतो तिथे वाक्ये हिरावून घेणे म्हणजे त्याची हजेरीच हिरावून घेणे. नवख्याला पहिल्या दिवशी शिकवलेला 'वार कर, पण परिणाम ठरवू नकोस' हा नियम आणि ही घटना एकाच तत्त्वाची दोन टोके आहेत. पात्राच्या कर्माचा दोष कथेतल्या पापपुण्यावर मोजायचा नाही. समोरच्या माणसाला 'हो', 'नाही' किंवा तिसरेच काही म्हणण्याची जागा राहिली का, यावर मोजायचा. या कसोटीने निर्दयी खलनायक खेळणारा निर्दोष ठरू शकतो आणि संत खेळणारा दोषी.

दुहेरीपणाची दुसरी, अधिक गुंतागुंतीची बाजू ममतेची आहे. 1998 साली 'लिजंडमड' या खेळातली एक लोकप्रिय खेळाडू अपघातात गेली अशी बातमी आली आणि सोबत्यांनी खेळातच तिच्या नावाने बाग उभारून तिथे एक झाड लावले. खेळाचा रचनाकार राफ कॉस्टर याने त्यावर लिहिलेला लेख या क्षेत्रात फार वाचला गेला. काही वर्षांनी झालेल्या शोधात त्या मृत्यूची बातमी बनावट असावी असे पुढे आले. मग शोक खोटा होता का? शोक करणाऱ्यांच्या बाजूने तो पूर्ण खरा होता. फसवणूक झाली असेल तर ती दुहेरी कंसाच्या आतली, खेळाडूने खेळाडूंची केलेली. दगाबाज वजिराचे खोटे आणि हे खोटे यांत जो फरक आहे तोच चित्रतुरगन्यायाची सीमा दाखवतो: घोडा चित्रातला आहे हे दोघांनाही ठाऊक असले पाहिजे.

श्रद्धेचा प्रश्न इथेच येतो. कल्पित जगांत देवळे असतात, पुजारी असतात, व्रते असतात. 1997 साली सुरू झालेल्या 'अकिया' या खेळात तर देवदेवताही माणसेच खेळतात आणि प्रार्थना करणाऱ्या पात्राला खरोखर उत्तर मिळू शकते. स्वतःचा धर्म मनापासून पाळणाऱ्याने अशा देवापुढे हात जोडावेत का? अमेरिकेत 1980 च्या दशकात काही ख्रिस्ती गटांनी असे सगळेच खेळ अधर्माकडे नेणारे ठरवले. 1983 साली पॅट्रिशिया पुलिंग यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'विरुद्ध संघटनाही काढली. त्याच धर्मातला, निष्ठावंत कॅथलिक असलेला जे. आर. आर. टॉल्किन याने 1939 साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या व्याख्यानात उलट भूमिका घेतली होती. निर्मात्याच्या प्रतिमेत घडलेल्या माणसाने दुय्यम जगे निर्माण करणे हे त्याला माणसाच्या स्वभावाचे आणि हक्काचे वाटत होते.

वृंदावनाच्या रासलीलेत कृष्णाचे सोंग घेणाऱ्या मुलाला 'स्वरूप' म्हणतात आणि भाविक त्याच्या पाया पडतात. तिथला नमस्कार सोंगाला नसतो. तो आधीपासून असलेल्या श्रद्धेला सोंगाच्या निमित्ताने मिळालेली वाट असतो. शब्दांच्या खेळातल्या देवाला त्या जगाबाहेर भक्त नसतो, त्याच्यामागे श्रद्धा नसते. म्हणून तिथले नमन पात्राकडून होते आणि पात्रापाशी थांबते, असे म्हणणे अधिक योग्य. मात्र हे उत्तर सर्वांना पटेलच असे नाही. ज्याच्या धर्मात दुसऱ्या देवाचे नाव भक्तिभावाने उच्चारणेही निषिद्ध आहे त्याच्यासाठी 'हे केवळ पात्र आहे' एवढे पुरेसे नसते, आणि त्याच्या संकोचाला अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. उच्चार ही कृती आहे हे मान्य केल्यावर त्याचा संकोच तर्काला धरूनच आहे.

चांगले समूह या ठिकाणी सिद्धान्त लादत नाहीत. देवाला न मानणारे पात्र खेळता येते, पूजेच्या प्रसंगातून पात्राला बाजूला नेता येते, आणि कोणताही प्रसंग नको वाटला तर कारण न देता दुहेरी कंसात 'इथे थांबूया' असे लिहिण्याची मुभा असते. तसे लिहिल्यावर समोरचा खेळाडू प्रसंग तिथेच सोडतो किंवा दोघे मिळून तो झालाच नाही असे ठरवतात. ही सवलत कुठे शोधायची आणि ती कशी मागायची, हे नवख्याने पात्राचे नाव ठरवण्याआधीच विचारून घेतलेले बरे.