फौजी डॉक्टरचा रोगी कोण?

एप्रिल २०२०. बोईसरला आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत कंत्राटी कामगारांची आठ पोरं राहायची. एमआयडीसी बंद, गाड्या बंद. त्यातला एक तापानं फणफणला. मी मंडळाचा कार्यकर्ता, घरोघर तांदूळ-डाळ वाटणारा. त्याच्या दारापासून दहा पावलांवर उभा राहून मी तासन्‌तास फोन फिरवत होतो. गाडी येईना. पण त्याला उचलायला मीही पुढं झालो नाही. शेवटी खोलीतल्याच दोघांनी त्याला भाजीच्या हातगाडीवर घातला आणि ढकलत नेला. रक्त तपासलं. मलेरिया निघाला.

मलेरिया शिवल्यानं होत नाही, हे आमच्या पालघर पट्ट्यात शेंबडं पोरही जाणतं.

मी करोनाला भ्यालो, असं स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं. पण रात्री एक सवाल छातीवर येऊन बसला. तो माझा सख्खा भाऊ असता तर? तर उचलला असता. मग ते भय रोगाचं होतं, की माणसाच्या किमतीचं गणित होतं?

हा सवाल डोक्यात घेऊन मी फौजी डॉक्टरांबद्दल वाचत सुटलो. कारण औषध कुणाला आणि कशासाठी, हे फौजेत उघड उघड ठरतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात जनरल स्लिमची फौज लढत होती. १९४३ मध्ये तिथं एका जखमी शिपायामागं १२० आजारी शिपाई मागं न्यावे लागले. सगळ्यात मोठा मारेकरी मलेरिया. स्लिमनं मेपाक्रिनची गोळी रोज सक्तीनं घ्यायला लावली. जिथं गोळ्या घेतल्या जात नव्हत्या, तिथल्या काही अधिकाऱ्यांना काढूनच टाकलं. साथ आटोक्यात आली, माणसं वाचली, हे मान्य. पण हुकूम होता बंदूक उभी ठेवण्याचा. बंदुकीमागचा माणूस त्यात वाचून गेला. कारखानदारीचा हिशेब तरी कुठं वेगळा आहे? मशीनवरच्या माणसाचा ताप वहीत येतो. काम सुटलेल्याचा ताप कुणाच्याच वहीत नसतो.

आता १८९७ चं पुणं बघा. प्लेग आलेला. एकाच शहरात दोन फौजी डॉक्टर. एक सर्जन-कॅप्टन बेव्हरिज. हाँगकाँगचा प्लेग पाहिलेला, रँडच्या प्लेग कमिटीत बसलेला. १३ मार्चपासून गोरे सोजिर घरोघर झडत्या घेऊ लागले. रोगी शोधायचा, वेगळा काढायचा. शास्त्र म्हणून यात सगळंच चूक होतं, असं मी म्हणणार नाही. पण बायामाणसांची बेअब्रू झाली आणि लोक रोगी लपवू लागले.

दुसरा डॉ. यशवंत फुले. जोतीराव-सावित्रीमाईंचा दत्तक मुलगा. विधवा ब्राह्मणीच्या पोटचा, समाजानं जन्माआधीच टाकून दिलेला. तोही फौजेतलाच डॉक्टर. हडपसरच्या ससाणे मळ्यात मायलेकांनी प्लेगवाल्यांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड हे पोर प्लेगनं पडलं. माईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यांना लागण झाली. १० मार्चला त्या गेल्या. रँडच्या झडत्या सुरू व्हायला अजून तीन दिवस होते.

प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो, हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. ते दाखवलं सिमाँ नावाच्या फ्रेंच फौजी डॉक्टरनं, कराचीत, १८९८ साली. म्हणजे पुण्यातले दोघंही अंधारातच चाचपडत होते. फरक ज्ञानाचा नव्हता. एकीकडं शहर साफ करायचं होतं. दुसरीकडं पांडुरंग जगवायचा होता.

दोस्तहो, माई गेल्या म्हणून प्रत्येक कार्यकर्त्यानं मरावं, असं मी म्हणणार नाही. तसं लिहिणं फुकटचं आहे. मास्क लावा, हातमोजे घाला, अंतर ठेवा. साथीतल्या अंतराला कारण असतं, मुदत असते, आणि ते साऱ्यांना सारखं लागू असतं. जातीच्या अंतराला कारण नाही, मुदत नाही, आणि ते एकाच बाजूच्या माणसाला भोगावं लागतं. आपण पिढ्यान्‌पिढ्या दुसरं अंतर सोसलं. तरी पहिलं पाळता पाळता दुसरं आपल्यात कधी शिरतं, ते आपल्यालाही कळत नाही. माझ्यात शिरलं. तो पोरगा ओडिशाचा, परभाषेचा, 'आपल्यातला' नव्हे. त्या दहा पावलांतली रोगापायी किती, आणि माझ्या मनातल्या गावकुसापायी किती?

आठवड्यानं तो परत आला. वाळलेला. मला बघून हसला, 'जय भीम भैया' म्हणाला. मला त्याची माफी मागायची होती. तोंडून शब्द फुटला नाही. तांदूळ मोजून दिले.

आता मंडळात आम्ही एक स्ट्रेचर, थर्मामीटर, हातमोजे ठेवलेत. पावसाळ्याच्या तोंडाशी बैठक घेतो. कुणी आजारी पडलं तर कोण उचलणार, त्यांची नावं आधीच लिहितो. ऐनवेळी धीर उसना मिळत नाही, हे मला कळलंय.

यादीत पहिलं नाव माझं आहे. तुमच्या वस्तीच्या यादीत कुणाचं आहे?