उरलेले तुकडे

नाताळच्या रात्रीची मिस्सा आटोपते, घरी केक कापला जातो आणि मुले भेटवस्तूंभोवती बसतात. पाच मिनिटांत रंगीत कागदांचा ढीग पडतो. माझ्या लहानपणी ह्याच कामाला अर्धा तास लागे. आई कुणालाही कागद फाडू देत नसे. चिकटपट्टी नखाने अलगद सोडवून, कागद तळहाताने सारखा करून ती तो गादीखाली ठेवी. पुढे तोच कागद दुसऱ्या भेटीवर चढे. शाळकरी वयात मला त्याची लाज वाटे. पुडक्यावरच्या जुन्या घड्या आमची गरिबी चारचौघांत बोलून दाखवतात, असे वाटे. ती लाज आता ओसरली आहे, पण तिच्यामागचा प्रश्न उरला आहे : कागद जपणे हा सद्गुण की कद्रूपणा?

प्रेमाने हिशेब मांडू नये, असे म्हणणाऱ्यांच्या पाठीशी शुभवर्तमान आहे. बेथानीत मरियेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा त्या खर्चावर बोट ठेवणाऱ्याला प्रभूने गप्प केले. सणाला थोडी उधळण शोभतेच. परंतु त्याच योहानाच्या शुभवर्तमानात, पाच हजारांना तृप्त केल्यावर, काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करण्याची आज्ञा प्रभूने शिष्यांना केली. बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हाती भाकरी वाढत होती, त्याला तुकड्यांची वाण नव्हती. तरीही त्याने ते वेचावयास लावले.

ह्या दोन प्रसंगांत विरोध नाही. माणसावर प्रीती ओतताना हात आखडू नये. आणि प्रीतीचे काम झाल्यावर जे उरते, ते पायदळी जाऊ देऊ नये. देताना उदार असणे आणि आवरताना काळजी घेणे ह्या एकाच मनाच्या दोन वृत्ती आहेत.

हे मला उशिरा उमगले, आणि तेही खाली मान घालून. एका नाताळनंतर आमच्या घरचे कागद, केकचे खोके, माशांचे काटे आणि उष्टे मी एकाच पिशवीत कोंबून बाहेर ठेवले. थोड्या वेळाने पाहिले तर कचरा वेचणारी एक बाई त्या पिशवीतले पुठ्ठे एकेक करून ओढून काढत होती आणि पदराने पुसत होती. माझ्या आळसाची किंमत ती आपल्या हातांनी मोजत होती. कारण भिजलेल्या, तेलकट पुठ्ठ्याला भाव मिळत नाही. तेल लागलेला कागद लगद्याच्याही कामाचा राहत नाही. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कचरावेचकांच्या संघटनेच्या नावातच कागद आहे : कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. आपण ज्याला कचरा म्हणतो, ती कुणाची तरी भाकरी आहे, हे त्या नावाने केव्हाच सांगून ठेवले आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. पण कायद्याच्याही आधी हा शेजारधर्म आहे.

तथापि, कागद वेगळा ठेवला की आपण सुटलो, असेही नाही. चमकी लावलेला वा प्लास्टिकचा मुलामा दिलेला कागद लगद्यात विरघळत नाही. कागद मुठीत चुरगळून सोडावा : उसळून उलगडला, तर त्यात बहुधा प्लास्टिक आहे असे समजावे. आणि निव्वळ कागदाचे तंतूदेखील दर पुनर्निर्मितीत आखूड होत जातात. म्हणून कमी घेणे हे पहिले, पुन्हा वापरणे दुसरे आणि रद्दीत देणे तिसरे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात योग्य हेतूने केलेल्या पुनर्वापराला प्रेमाच्या कृतीचा मान दिला. हेतू योग्य हवा, ही अट महत्त्वाची आहे. पुढच्या वर्षी दुप्पट खरेदी करण्याची मुभा मिळावी म्हणून केलेली काटकसर म्हणजे केवळ मनाची समजूत.

गंमत अशी, की आजच्या रंगीत वेष्टनाचा उगमही अडचणीतून झाला. १९१७ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला पातळ कागद नाताळात संपला, तेव्हा त्यांनी पाकिटांच्या आत लावायचा शोभेचा कागद विकायला मांडला. हाताशी असलेल्याने वेळ निभावली.

येत्या नाताळात आपणही तसेच करू. जुन्या खोक्यांचा गोठ्यासाठी डोंगर रचू, चांगले कागद घडी घालून ठेवू, आणि उरलेले कोरडे पुठ्ठे दोरीने बांधून त्या बाईच्या हाती स्वतः नेऊन देऊ. बाळ येशूला मरियेने कापडातच गुंडाळले होते. त्या रात्री देवाच्या देणगीला ह्याहून भारी वेष्टन लाभले नव्हते, आणि मेंढपाळांनी त्याच खुणेवरून बाळाला ओळखले. आईच्या जुन्या घड्यांची लाज मला का वाटावी?