नोटेवर न मावलेला इतिहास

15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता; नांदेडच्या मोंढ्यात आणि लातूरच्या आडतीवर शेतकऱ्याच्या हाती पडणारा पैसा निजामाचाच होता. लोक त्याला हाली म्हणत आणि इंग्रजी रुपयाला कलदार. सात हालीला सहा कलदार, असा ढोबळ हिशेब. हैदराबाद संस्थानच्या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही किंमत छापलेली असे. रयतेची भाषा नोटेवर होती. राज्यकारभारात मात्र रयतेला स्थान नव्हते. नोटेवर जागा मिळणे आणि सत्तेत वाटा मिळणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

30 जानेवारी 1948 रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटली आणि निजामाचाच पैसा निजामाविरुद्धच्या लढ्यात आणला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. पुढे 1969 मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, गांधीजी सेवाग्राम आश्रमासह नोटेवर आले आणि 1996 पासून तर तिथे कायमचे स्थिरावले. उमरी कोणत्याच नोटेवर आली नाही.

यात अन्याय झाला असे मला वाटत नाही. नोट साऱ्या देशात फिरते; सर्वांना आपले वाटेल असेच चित्र तिला पेलते. 1949 मध्ये एक रुपयाच्या नोटेवर इंग्लंडच्या राजाच्या जागी अशोकाचे सिंह आले, ते याच जाणिवेने. 2019 मध्ये वीस रुपयांच्या नोटेवर वेरूळची लेणी आली, तेव्हा मराठवाड्यालाही मान मिळाला. पण तो प्राचीन शिल्पकलेचा मान आहे. देशानंतर तेरा महिन्यांनी, 17 सप्टेंबर 1948 रोजी, आपण कसे मुक्त झालो, हे त्या नोटेवरून कुणालाही कळणार नाही.

ते सांगण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेची नाही, आपली आहे. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव नांदेडच्या विद्यापीठाला आहे. त्यांचे काम किती विद्यार्थ्यांना सांगता येते? गावोगावच्या जुन्या पेट्यांत अजून हाली नाणी आणि नोटा सापडतात. शिक्षकांनो, येत्या 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनानंतर अशी एखादी नोट मुलांच्या हाती द्या, शेजारी वेरूळची वीसची नोट ठेवा, आणि या दोन नोटांच्या मधली लढाई त्यांना सांगा.