रात्रपाळी कोणी लावली?

मराठीतील 'ने' हा तृतीयेचा प्रत्यय कर्त्याला लागतो, तसाच करणालाही लागतो. 'सुताराने फळी कापली' आणि 'करवतीने फळी कापली' ही दोन्ही वाक्ये व्याकरणाला मान्य आहेत. मात्र पहिल्यातला सुतार पाणिनीच्या परिभाषेत 'स्वतंत्र', म्हणजे क्रिया करावी की न करावी हे ज्याच्या हाती आहे असा कर्ता असतो, तर दुसऱ्यातली करवत 'साधकतम', म्हणजे क्रिया तडीस नेण्यात सर्वांहून उपयोगी पडणारे साधन असते. नवी मुंबईत महापे, ऐरोली, बेलापूर येथील ज्या कचेऱ्यांत चोवीस तास काम चालते, तेथे 'सिस्टिमने रात्रपाळी लावली' असे वाक्य सहज बोलले जाते, आणि त्यातल्या 'ने'चा अर्थ कोणता हा प्रश्न वरवर व्याकरणाचा दिसला, तरी त्याच्या मुळाशी कर्म अखेर कोणाच्या खात्यावर जमा होते हा जुना धार्मिक प्रश्न आहे.

ज्याला येथे 'सिस्टिम' म्हटले जाते ती पुष्कळदा एक्सेलमधील एक मॅक्रो असते. मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेली आणि बटण दाबताच ओळीने पार पडणारी आज्ञांची मालिका. १९९३ साली एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीबरोबर व्हिज्युअल बेसिकची भाषा आली, तेव्हापासून सामान्य कारकुनालाही ती लिहिणे सोपे झाले. उभ्या रकान्यात नावे, आडव्या ओळीत तारखा अशी मांडणी करून मॅक्रो प्रत्येक नावापाशी येतो, साप्ताहिक सुट्टी वगळतो, रजेचा तक्ता पाहतो आणि सकाळ, दुपार, रात्र या पाळ्या क्रमाने भरत जातो.

हातांनी पाळीपत्रक भरण्याच्या कंटाळ्यात काही तप आहे, असे मानण्याचे कारण दिसत नाही. चिनी तत्त्वज्ञ च्वांग त्झू याच्या ग्रंथात एक माळी मडक्याने पाणी घालत राहतो आणि उपसायंत्र नाकारतो, कारण यंत्र वापरणाऱ्याचे मनही यंत्रासारखे होते असे त्याला वाटते. त्याचा आक्षेप वजनदार असला, तरी तो माळी स्वतःच्या बागेला पाणी घालत होता आणि त्याचे श्रम त्याचे एकट्याचे होते. पाळीपत्रक लिहिणाऱ्याचा थकवा मात्र दुसऱ्यांच्या वाट्याला जातो, कारण शुक्रवारी संध्याकाळी दमलेल्या डोळ्यांना एकाच माणसाची रात्रपाळी आणि लगेच पुढची सकाळपाळी दिसत नाही, ती मॅक्रोला दिसते. या मर्यादेत यंत्र हे दयेचेच साधन ठरते.

अडचण दुसरीकडे आहे. सणाच्या दिवशी एक जादा माणूस हवा असेल आणि मॅक्रो दर वेळी यादीच्या माथ्यापासून शोध सुरू करून पहिले मोकळे नाव उचलत असेल, तर ज्यांची नावे वर्णानुक्रमे वर येतात त्यांच्या दिवाळ्या पुनःपुन्हा कामावर जातात. हा अन्याय कोणी योजलेला नसतो, त्यामागे द्वेष नसतो, तरीही तो घडतो आणि नेमक्या त्याच माणसांवर घडतो. जैन आचारविचारात कर्माचे कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेले, असे तीन प्रकार मानले असून तिन्हींचे बंधन कर्त्याला लागते. या दृष्टीने मॅक्रो लिहिणाऱ्याचे कर्म कारित ठरते आणि तयार पत्रकावर न वाचता सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे अनुमोदित. यंत्रापाशी मात्र इच्छाच नसल्याने त्याच्या खात्यावर काहीही जमा होऊ शकत नाही.

यावर गीतेचा आधार घेऊन प्रत्युत्तर देता येईल. अठराव्या अध्यायात अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी कर्मसिद्धीची पाच कारणे सांगून, केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला अजाण ठरवले आहे. आणि रविवारी हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असल्यामुळे पनवेलहून निघालेला माणूस पाळीला उशिरा पोहोचला, तर त्यातला दैवाचा वाटा नाकारता येत नाही. परंतु हा विचार कर्त्याचा अहंकार उतरवण्यासाठी मांडला आहे, त्याची जबाबदारी करणाच्या माथी मारण्यासाठी नाही. तो ऐकून अर्जुन युद्धाला उभा राहतो, धनुष्याला दोष देत बसत नाही.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी लिहून घेतली, त्यांत 'विकर्म' या शब्दाचा एक विशेष अर्थ आहे: बाहेरच्या कर्माला आतून मिळालेली मनाची जोड. कर्माला विकर्म मिळाले की त्याचा भार नाहीसा होतो, आणि या भारहीन अवस्थेला विनोबा अकर्म म्हणतात. मॅक्रोने मिळणारा हलकेपणा या अकर्मासारखाच भासतो, पण तो विकर्म मिळवून आलेला नसून कर्म काढून टाकून आलेला असतो, आणि हाताबरोबर मनही बाजूला झाले तर रकान्यातल्या नावामागचा माणूस पाहणारे कोणीच उरत नाही.

याची सर्वांत स्पष्ट खूण संमतीच्या रकान्यात सापडते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला काम द्यायचे तर तिची संमती लागते. ती एकदा विचारली जाते, तिच्या नावापुढे 'होय' लिहिले जाते आणि मग मॅक्रो दर आठवड्याला तो 'होय' वाचून तिला रात्रपाळी देत राहतो. दरम्यान घरी आई अंथरुणाला खिळली असेल किंवा सोबत येणारी मैत्रीण नोकरी सोडून गेली असेल, तरी रकान्यातला शब्द तोच राहतो. संमती ही जिवंत माणसाने त्या त्या वेळी द्यायची गोष्ट आहे, आणि साठवलेल्या संमतीवर चालणारे पाळीपत्रक कायद्याच्या अक्षराला कदाचित पुरे पडेल, पण त्यात विचारणाऱ्याचे मन कोठेच नसते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो रकाना कोरा करणारी आणि तो भरल्याशिवाय पुढे न सरकणारी एक आज्ञा त्याच मॅक्रोत लिहिता येते, म्हणजे बटण दाबण्यापूर्वी कोणाला तरी खुर्चीवरून उठून तिच्या टेबलापाशी जाऊन विचारावे लागते.