प्रलयानंतरचा माणूस केवढा?

टेबलावर मांडायच्या युद्धखेळात माणसाची आकृती केवढी असावी, हा प्रश्न बहुतेक वेळा पैसा, जागा आणि रंगकामाची चिकाटी यांच्या हिशेबाने सुटतो. वॉटर्लू किंवा पानिपत मांडताना तो तसा सुटू द्यायला हरकत नाही. तिथे फौजांचा अंदाज असतो, रणभूमीचा नकाशा असतो आणि त्यांतून प्रमाण जवळजवळ आपोआप निघते. जग उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या काळावर बेतलेल्या खेळांना हा आधार नाही. फौजा संपलेल्या, सरहद्दी पुसलेल्या. उरलेली थोडी माणसे आणि पुष्कळ ढिगारे. अशा खेळात प्रमाण निवडायचे म्हणजे त्या उरलेल्यांकडे किती अंतरावरून पाहायचे ते ठरवायचे. हा प्रश्न नीतीचा आहे आणि काही अंशी धर्माचाही.

प्रमाण सांगण्याच्या दोन रीती आहेत. एकीत आकृतीची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात: ६, १०, १५, २०, २८, ३२. दुसरीत खऱ्या वस्तूशी गुणोत्तर सांगतात: १:२८५, १:१००, १:७२, १:५६. या दोन रीती एकमेकींशी नीट जुळत नाहीत. २८ मिमी म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंत, असे काही उत्पादक धरतात. काही डोक्यापर्यंत मोजतात. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १:५६ मध्ये ३१ मिमी भरतो, १:७२ मध्ये २४, १:१०० मध्ये साडेसतरा आणि १:२८५ मध्ये जेमतेम ६. त्यात गेल्या काही दशकांत आकृत्या हळूहळू वाढत गेल्या आहेत. २५ मिमीच्या २८ झाल्या, २८ च्या ३२. २०१८ साली आलेल्या ‘फॉलआउट: वेस्टलँड वॉरफेअर’ या खेळाच्या आकृत्या ३२ मिमीच्या आहेत. तेव्हा पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नये. दोन ठिकाणच्या आकृत्या शेजारी उभ्या करून पाहाव्यात.

याहून मोठी अडचण अंतराची आहे. आकृतीचे प्रमाण आणि तिच्या पायाखालच्या जमिनीचे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी. तीनशे मीटरपर्यंत अचूक मारा करणारी रायफल १:५६ च्या हिशेबाने टेबलावर पाच मीटरांहून लांब मारा करील. एवढे टेबल कुणाच्याही घरात नसते. खेळाच्या नियमांत तिचा पल्ला साधारण २४ इंच ठेवलेला असतो. १:५६ ने गुणले तर ते खरे अंतर ३४ मीटर होते. म्हणजे माणूस एका मापाने उभा असतो आणि त्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्याच मापाची असते. १:२८५ मध्ये तेच तीनशे मीटर एक मीटरच्या आसपास बसतात; तिथे माणूस आणि जमीन एकाच मापाची ठेवता येते. चार फुटी टेबलाची बाजू १:५६ मध्ये ६८ मीटरची, म्हणजे एखादी गल्ली. १:२८५ मध्ये ती साडेतीनशे मीटरची, म्हणजे एक अख्खी पेठ. साठ मीटर उंचीचा मनोरा १:२८५ मध्ये एकवीस सेंटिमीटरचा होतो. १:५६ मध्ये तो मीटरभराहून उंच होतो आणि त्याच्यापुढे टेबल खुजे दिसते. त्यामुळे २८ मिमीच्या शहराला सहसा तळमजला, पहिला मजला आणि तुटलेला जिना एवढेच मिळते. शहर केवढे होते हे त्या टेबलावरून कळत नाही. काय गमावले ते दिसावे असे वाटत असेल, तर लहान आकृतीच खरे सांगते.

तरीही या प्रकारचे बहुतेक खेळ २८ मिमीत खेळले जातात. त्यामागे बाजाराचे कारण आहे, पण तेवढेच नाही. प्रशियात १८२४ साली राइसवित्झने सैन्याच्या शिक्षणासाठी जो युद्धखेळ प्रचारात आणला, तो १:८००० च्या नकाशावर ठोकळे सरकवून खेळायचा होता. त्यात माणूस नव्हताच. होते ते फक्त दल. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा नकाशाच्या जागी खोलीची जमीन आली आणि ठोकळ्यांच्या जागी ५४ मिमीचे शिशाचे शिपाई आले. पुस्तकाच्या शेवटी वेल्स विनोद बाजूला ठेवून लिहितो. खरे युद्ध हा प्रमाण सुटलेला खेळ आहे, असे त्याचे म्हणणे आहे. पुढच्याच वर्षी त्याची ‘द वर्ल्ड सेट फ्री’ ही कादंबरी आली. तिच्यात अणुबाँब आहेत आणि त्यांनी जाळलेली शहरे आहेत. खेळण्यातल्या शिपायांचे नियम लिहिणारा आणि अणुयुद्धानंतरचे जग कल्पिणारा माणूस एकच होता, आणि दोन्ही ठिकाणी त्याला एकच काळजी होती: संहार माणसाच्या मापाबाहेर गेला तर काय होईल.

ही काळजी तत्त्वज्ञानाच्या भाषेत ग्युंटर आंडर्स या जर्मन विचारवंताने १९५६ च्या आपल्या ग्रंथात मांडली. माणूस जेवढे करू शकतो तेवढे त्याला कल्पिता येत नाही, आणि जेवढे कल्पिता येते तेवढे मनाला भिडत नाही, असा त्याचा सिद्धान्त. हजारोंना मारणे शक्य असते. कल्पनेत फार तर दहा मृत मावतात. शोक एकाचाच करता येतो. प्रलयोत्तर खेळांतली टोळी पाच ते दहा माणसांची असते. हा आकडा सोयीतून आला, पण तो आंडर्सच्या दहांशी जुळतो. काव्यशास्त्रात ॲरिस्टॉटलनेही सौंदर्यासाठी अशीच मर्यादा घातली होती. वस्तू इतकी सूक्ष्म नको की नजर धूसर व्हावी, आणि इतकी अवाढव्य नको की एका दृष्टिक्षेपात मावू नये. गीतेच्या अकराव्या अध्यायातला अर्जुनही याच सीमेवर येऊन थांबतो. विश्वरूप पाहायची इच्छा त्याचीच. पण संपूर्ण सैन्ये त्या मुखांत शिरताना पाहिल्यावर तो नेहमीचे, सौम्य रूप परत मागतो. भव्यतेच्या दर्शनाने त्याचा प्रश्न सुटत नाही. पुढचा संवाद माणसाच्या मापाच्या कृष्णाशीच होतो.

माणसाचे माप टेबलावर कुठे सुरू होते, याचे उत्तर रंगवणाऱ्याच्या हाताला ठाऊक असते. ६ मिमीच्या आकृतीला चेहरा नसतो. त्वचेच्या रंगाचा एक ठिपका असतो आणि एका पट्टीवर असे चार-पाच जण एकत्र चिकटवलेले असतात. १५ मिमीत नाकाचा उंचवटा लागतो, डोळ्यांच्या जागी सावली पुरते. २८ मिमीत डोळे रंगवावे लागतात. न रंगवता सोडले तर आकृती अपुरी वाटते, आणि रंगवले की ती कुठेतरी पाहू लागते. एमॅन्युएल लेव्हिनासने १९६१ च्या ‘टोटॅलिटी अँड इन्फिनिटी’ या ग्रंथात समोरच्याच्या चेहऱ्यालाच नीतीचे उगमस्थान मानले. मारू नकोस ही आज्ञा चेहऱ्यातून येते, असे त्याने लिहिले. शिशाच्या चेहऱ्याला हा अधिकार नाही, हे उघड आहे. पण खेळातला निर्णय बदलतो एवढे खरे. पट्टीवरचे पाच ठिपके पुलावर पाठवताना हात अडखळत नाही. डोळे असलेला, पाठीवर फाटकी पिशवी घेतलेला एकटा माणूस त्याच पुलावर पाठवताना अडखळतो.

इथेच धर्माचा प्रश्न येतो. पुराणांतल्या प्रलयात ढिगारे उरत नाहीत. सगळे पाण्यात विरते आणि नवी सृष्टी नव्याने सुरू होते; कोण कसा वागला याचा निवाडा प्रलय करत नाही, त्यासाठी कर्माचा वेगळा हिशेब असतो. ख्रिस्ती परंपरेतला जगाचा अंत वेगळा आहे. त्याला दिलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थच पडदा दूर होणे असा आहे. बायबलच्या अखेरच्या पुस्तकात मृत उभे राहतात, ग्रंथ उघडले जातात आणि प्रत्येकाचा न्याय त्याच्या कृत्यांवरून होतो. समूहाचा नव्हे, एकेकट्याचा. प्रलयोत्तर खेळ या परंपरेतून आला आहे, पण त्यात न्यायाधीश उरलेला नाही. प्रत्येक जण उघडा पडतो आणि निवाडा करायला कुणी येत नाही. पाण्याची शेवटची बाटली कुणी घेतली, जखमीला कुणी मागे सोडले, हे टेबलावर नुसते घडते. कृत्य एकेकट्याचे असेल तर आकृतीही एकेकट्याची हवी. २८ मिमीच्या बाजूचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

या मापाचा एक दोष मात्र गंभीर आहे. २८ आणि ३२ मिमीच्या पुष्कळ आकृत्या ज्याला ‘हिरोइक’ म्हणतात त्या शैलीत घडवलेल्या असतात: डोके मोठे, पंजे मोठे, बंदूक खांबाएवढी. दुरून ओळखू यावे म्हणून ही युक्ती काढली गेली. महाराष्ट्रातल्या दिवाळीच्या किल्ल्यांत हीच युक्ती वेगळ्या अर्थाने वापरली जाते. तिथे सिंहासनावरचे शिवाजी महाराज महाद्वारात मावणार नाहीत एवढे मोठे असतात, मावळे त्यांच्या निम्मे असतात, आणि पाहणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, कारण तिथे माप आदराचे असते. उपासमारीच्या जगात मोठेपणा कुणाला द्यायचा, हा तोच प्रश्न आहे. हिरोइक शैली तो मोठेपणा हाताला आणि हत्याराला देते. वर्षभर डबाबंद अन्नावर जगलेला माणूस पैलवानासारखा दिसतो आणि त्याची बंदूक त्याच्या चेहऱ्याहून ठसठशीत असते. चेहऱ्यासाठी मोठे माप घ्यायचे आणि मग बंदुकीनेच तो झाकायचा, हे त्या मापाशी केलेले वैर आहे. सडपातळ, खऱ्या शरीराच्या प्रमाणातल्या आकृत्या शोधाव्या लागतात, त्या जरा नाजूक असतात, पण या विषयाला त्याच शोभतात.

साहित्याच्या बाजूने पाहिले तर हा छंद विलक्षण मोकळा आहे. उद्ध्वस्त जग कचऱ्यातूनच उभारायचे असते. क्लोद लेव्ही-स्त्रोसने १९६२ च्या ‘ला पाँसे सोव्हाज’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात दोन कल्पना जवळजवळ मांडल्या आहेत. एक, हाताशी असलेल्या तुकड्यांतून काम भागवणारा कारागीर, ज्याला मराठीत आज जुगाड करणारा म्हणता येईल. दुसरी, लहान केलेली प्रतिकृती, जिच्यात भागांच्या आधी अखंड वस्तू हाती येते. या खेळाच्या टेबलावर दोन्ही एकत्र होतात. आणि तुकड्याचा अर्थ प्रमाण ठरवते. शीतपेयाचा रिकामा डबा १:५६ मध्ये पावणेसात मीटर उंचीची पाण्याची टाकी होतो. १:२८५ मध्ये चौतीस मीटरची तेलाची कोठी होतो. संपलेला पेन्सिल सेल पहिल्या मापात गॅसची टाकी, दुसऱ्यात धान्याचा मनोरा. पहिल्या मापाच्या टाकीपाशी दोन कुटुंबे भांडतील. दुसऱ्या मापाच्या कोठीवर एक शहर जगेल किंवा मरेल. वस्तू तीच राहते, कथा बदलते.

वाहनांच्या खेळांत निवड आधीच झालेली असते. ऑस्प्री या प्रकाशनसंस्थेने २०१७ साली काढलेला ‘गॅसलँड्स’ खेळण्यातल्या हॉट व्हील्स आणि मॅचबॉक्स गाड्यांवर चालतो, आणि या गाड्या साधारण १:६४ च्या असतात. काटेकोर नव्हे, ट्रक आणि मोटार एकाच आकाराच्या पाकिटात बसवायची असल्याने ट्रक जास्त आक्रसतो. हिशेबाने २८ मिमीचा माणूस या मोटारीशेजारी बरोबर बसायला हवा, पण पायाखालच्या बेसची जाडी आणि हिरोइक बांधा यांमुळे तो राक्षसी दिसतो. २० मिमीचा माणूस तिथे बरा दिसतो. २८ मिमीच्या टेबलावर उभ्या करायच्या मोटारी १:५० च्या आसपासच्या घ्याव्यात. काही खेळाडू संग्राहकांच्या १:४३ च्या गाड्याही चालवून घेतात. पायी चालणाऱ्यांच्या कथेत मोटार बहुधा गंजून पडलेलीच असते, त्यामुळे थोडा फरक खपतो.

१५ मिमीकडे होणारे दुर्लक्ष अन्यायाचे आहे. १:१०० मध्ये पाच मजली चाळ पंधरा सेंटिमीटरची होते, चार फुटांत एकशे बावीस मीटरचा परिसर बसतो आणि तीस-चाळीस माणसांची वस्ती उभी राहते. टोळी ही टिकून राहण्याची कथा आहे; वस्ती ही पुन्हा सुरू करण्याची. विहिरीवरची पाळी, भिंत बांधणारे हात, शिक्षा ठरवणारी सभा हे सगळे दहा माणसांत दाखवता येत नाही आणि ६ मिमीच्या पट्ट्यांवरही दिसत नाही. चेहरा अर्धवट पुसलेला असतो, पण शेजारी कोण उभा आहे ते कळते. जो खेळाडू नुसत्या लुटालुटीने कंटाळला आहे, त्याने हे माप घ्यावे.

लांब मोहिमेत दोन प्रमाणे एकत्र वापरण्याचीही सोय आहे. नदी, रस्ते, विषारी पट्टे आणि टोळ्यांच्या हालचाली ६ मिमीच्या टेबलावर मांडायच्या. दोन पट्ट्या भिडल्या की ती जागा २८ मिमीत दुसऱ्या टेबलावर उभारायची. लहान टेबलावरची एक पट्टी मोठ्या टेबलावर आठ-दहा माणसे होते. मोठ्या टेबलावर तीन माणसे पडली, तर लहान टेबलावर काहीही बदललेले दिसत नाही. पट्टी तीच, जागा तीच. म्हणून नकाशाशेजारी टोळीचा कागद ठेवावा लागतो. त्यावर प्रत्येकाचे नाव, उरलेल्या गोळ्या आणि जखमा लिहिलेल्या असतात. पट्टी पुढे सरकवण्याआधी तो कागद वाचावा आणि गेलेल्यांच्या नावांवर रेघ मारावी.